एकच मिरची, दोन जावांचे हात : नंदुरबारच्या पथारीवरील एक प्रकरण

नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू झाली की शहराभोवतालच्या मोकळ्या शेतांवर पथाऱ्या पडतात. व्यापाऱ्याने घेतलेली मिरची तेथे उन्हात पसरली जाते, अधूनमधून परतली जाते, वाळल्यावर तिचे देठ खुडले जातात आणि माल पुढे पूड करणाऱ्या कारखान्यांकडे रवाना होतो. देठ खुडण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात, आणि ते ढिगासमोर बसून, उघड्या हातांनीच करावे लागते. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका पथारीवर एकाच ढिगाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोन जावांचे आहे. दोघींची ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले आहेत. वैद्यकीय तपशील तेवढे ठेवले आहेत.

धाकटी जाऊ पंचविशीतली. लग्नानंतर प्रथमच ती पथारीवर कामाला आली होती. दिवसभर काम करताना तिला फारसा त्रास झाला नाही, परंतु संध्याकाळी घरी येऊन चुलीपुढे बसताच दोन्ही हात पेटल्यासारखे झाले. गरम पाण्याने हात धुतल्यावर आग आणखी वाढली, गार पाण्यात बुडवले तेवढा वेळ थांबली आणि हात बाहेर काढताच पुन्हा उसळली. रात्र जागून काढल्यावर सकाळी तिला दवाखान्यात आणले गेले तेव्हा तिच्या तोंडी एकच वाक्य होते : "मना हातनी आग व्हयी ऱ्हायनी." सोबत आलेली थोरली जाऊ चाळिशीची, दहाहून अधिक हंगाम हेच काम केलेली. तिला या प्रकाराचे थोडे हसूच येत होते. "ती नवी शे," तिने सांगितले, "मना हातले काहीच व्हत नही." असे म्हणताना तिने स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि त्या हाताच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी, भाजल्याचा फुटलेला फोड दिसला. तो कधी झाला असे विचारले असता तिला सांगता आले नाही. बहुधा भाकरी तव्यावरून काढताना झाला असावा, असा तिचा अंदाज होता.

म्हणजे खोलीत दोन स्त्रिया होत्या. जिच्या हाताची आग होत होती तिच्या हातावर भाजल्याची एकही खूण नव्हती, आणि जिचा हात खरोखर भाजला होता तिला त्याचा पत्ता नव्हता. या प्रकरणातील सगळा वैद्यकीय विचार या विसंगतीतून निघाला.

धाकटीचा हात

तपासणीत धाकटीच्या दोन्ही हातांची त्वचा अखंड होती. बोटांच्या बेचक्यांत आणि बोटांच्या मागच्या बाजूस लाली होती. फोड, सूज वा जखम कोठेही नव्हती. कापसाचा बोळा बोटांच्या पाठीवरून हलकेच फिरवला तरी ती हात मागे घेत होती. नाडी जलद होती, ताप नव्हता. उतींची हानी हाच वेदनेचा मापदंड मानला असता तर तिला काहीही झालेले नाही असा निष्कर्ष काढावा लागला असता, आणि घरातल्या काहींनी तो काढलाही होता. तो चुकीचा होता, कारण तिच्या चेतासंस्थेत जे घडत होते ते पूर्णपणे खरे आणि मोजता येण्याजोगे होते.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन आणि त्याच्या जवळच्या काही संयुगांमुळे असतो. ही संयुगे मिरचीच्या बियांत तयार होत नाहीत; ज्या पांढरट गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात तयार होतात, आणि तो गाभा देठालगतच सुरू होतो. देठ खुडला की नेमका तोच भाग उघडा पडतो व त्याची बारीक पूड बोटांवर बसते. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळते. त्यामुळे ते त्वचेवरील तेलकट थरात मुरते आणि तेथून हळूहळू आत झिरपते. तळहाताचे कातडे जाड असल्याने या प्रवासाला काही तास लागतात; बेचक्यांतील आणि बोटांच्या पाठीवरील कातडे पातळ असल्याने आग तेथे आधी सुरू होते. दिवसभर बरे असलेले हात संध्याकाळी पेटण्याचे कारण हेच.

त्वचेच्या वरच्या थरात चेतातंतूंची उघडी टोके पसरलेली असतात. यांपैकी पुष्कळ टोकांच्या पटलावर टीआरपीव्ही-१ नावाचे एक प्रथिन असते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन शोधले ते मिरचीच्याच मागावर राहून : कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारे जनुक कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. हाती आलेले प्रथिन कॅप्सेसिनने तर उघडतेच, पण सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या उष्णतेनेही उघडते, असे त्यांना आढळले. या आणि स्पर्शाच्या ग्राहींवरील, म्हणजे उद्दीपक टिपणाऱ्या प्रथिनांवरील, कामासाठी ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनाचे काम दारासारखे आहे. ते उघडले की सोडियम व कॅल्शियमचे भारित कण आत शिरतात, तंतूच्या टोकाचा विद्युत्भार बदलतो आणि तो बदल पुरेसा झाला की आवेग, म्हणजे विद्युत्-संदेश, निघतो. उष्णता आणि मिरची हे दोन वेगळे उद्दीपक आहेत, पण त्यांनी निर्माण केलेला आवेग एकाच तंतूवरून, एकाच स्वरूपात जातो. घराची घंटा वाजली की कोणीतरी आले एवढे कळते, कोण आले ते घंटा सांगत नाही. मेंदूलाही कोणत्या तंतूवर आवेग आला एवढेच कळते, आणि या तंतूंचा अर्थ त्याच्या लेखी ठरलेला आहे. प्रत्येक संवेदी चेतेचा अर्थ उद्दीपकावरून नव्हे तर त्या चेतेवरून ठरतो, हा विचार जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडला होता. रेणूच्या पातळीवरचा त्याचा इतका स्वच्छ पुरावा मिळायला दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. (पथारीवर वाळत घातलेल्या मिरच्या टोचणाऱ्या पाखरांना काहीच होत नाही, याचे कारणही येथेच आहे. पक्ष्यांच्या अंगातील हेच प्रथिन उष्णतेने उघडते, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही.)

गरम पाण्याने आग का वाढली, याचे उत्तरही या दारात आहे. कॅप्सेसिन चिकटलेले असताना ते उघडण्यासाठी ४३ अंशांची गरज उरत नाही. उंबरठा इतका खाली येतो की अंगाचे स्वतःचे तापमानही पुरेसे ठरते. मग आंघोळीचे साधे कोमट पाणी उकळत्यासारखे भासते, आणि चुलीची धग, जी एरवी थंडीच्या दिवसांत हवीशी वाटते, ती असह्य होते. गार पाणी हे दार तेवढ्यापुरते मिटवते, पण कॅप्सेसिन धुऊन नेत नाही; हात बाहेर काढून त्वचा पुन्हा तापली की सगळे पूर्ववत. लालीचे कारण निराळे आहे. उत्तेजित झालेले तंतूंचे टोक केवळ वर संदेश पाठवून थांबत नाही, तर त्याच जागी सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही द्रव्ये सोडते, त्यामुळे आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. जंतू नाही, जखम नाही, तरी दाह आहे, आणि तो चेतांनी घडवलेला आहे.

येथून पुढचा मार्ग असा. हे तंतू दोन प्रकारचे. ए-डेल्टा तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे पातळ वेष्टन असते आणि त्यांतून आवेग सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने जातो. सी तंतूंवर वेष्टन नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर एवढाच, म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या माणसाइतका. स्पर्शाचे ए-बीटा तंतू मात्र सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने काम करतात. तव्याला हात लागला की लागल्याचे आधी कळते, पाठोपाठ टोचल्यासारखी तीव्र कळ येते आणि नंतर, बोटापासून मेरुरज्जूपर्यंतचे अंतर कापायला सी तंतूंना सेकंदभर तरी लागत असल्याने, रेंगाळणारी आग येते. धाकटीच्या तक्रारीत ही तिसरी संवेदनाच प्रमुख होती. सर्व तंतूंचे पेशीपिंड मणक्यांलगतच्या गुच्छांमध्ये असतात. त्यांचे एक टोक त्वचेत तर दुसरे मेरुरज्जूच्या मागच्या शृंगात, म्हणजे त्याच्या पाठीकडील भागात. तेथे आवेग पुढच्या चेतापेशीकडे सोपवला जातो, ती पेशी मध्यरेषा ओलांडून विरुद्ध बाजूने वर चढते आणि थॅलॅमस या मेंदूतील खोलवरच्या केंद्रापर्यंत पोहोचते.

मेरुरज्जूतील हा टप्पा निव्वळ टपालाचा नाही, तेथे संदेशात बदल होतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतानुसार स्पर्शतंतूंचे आवेग त्याच जागी वेदनेच्या आवेगांना अडवू शकतात. दुखरी जागा चोळावीशी वाटते ती यामुळे. धाकटीने रात्रभर हात चोळले होते. क्षणभर बरे वाटत होते, पण चोळण्याने मिरचीचा अंश बेचक्यांतून मनगटापर्यंत पसरत होता. शिवाय सी तंतूंचा मारा तासन्‌तास चालू राहिला की मागच्या शृंगातील पेशी अधिक संवेदनशील होतात, त्यांचा प्रतिसाद वाढतो, आणि मग एरवी निरुपद्रवी असलेला स्पर्शही वेदना म्हणून पुढे पाठवला जातो. कापसाचा बोळा तिला का सहन होत नव्हता, याचे स्पष्टीकरण हे आहे. वेदनेच्या प्रयोगशाळांत निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेत कॅप्सेसिन टोचून हीच अवस्था मुद्दाम निर्माण केली जाते.

थॅलॅमसपासून वाटा फुटतात. कुठे आणि किती, याचा हिशेब पार्श्वखंडातील संवेदी बाह्यकात होतो, जिथे हाताच्या वाट्याला संपूर्ण धडापेक्षा मोठी जागा आलेली आहे. वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला सूक्ष्म विद्युत्स्पर्श करून हा नकाशा काढला होता. किती नकोसे, याचा हिशेब मात्र मेंदूच्या इन्सुला आणि पुढच्या सिंग्युलेट या भागांत होतो, आणि त्यावर भीतीचा, झोपेचा, आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्याचा परिणाम होतो. धाकटीला वाटत होते की हात कायमचे गेले. ते गेलेले नाहीत, कातडीला काही झालेले नाही आणि एक-दोन दिवसांत आग ओसरेल, हे तिला तिच्या भाषेत सांगितल्यानंतर आणि हात काही वेळ गोडेतेलात बुडवून, मग साबणाने धुऊन, पुन्हा तेलात ठेवल्यानंतर तासाभरात ती बाकावर टेकून झोपली. तेलाने किती काम केले आणि धीराने किती, हे वेगळे काढता येणार नाही.

थोरलीचा हात

थोरलीचे म्हणणे असे की काम करून करून हात पक्के होतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते.

टीआरपीव्ही-१ चे दार वारंवार आणि दीर्घकाळ उघडे राहिले की आत शिरलेले कॅल्शियमच ते निकामी करणारी प्रक्रिया सुरू करते. उद्दीपक तसाच राहतो, प्रतिसाद घटत जातो. मात्रा मोठी आणि संपर्क लांबलेला असेल तर तंतूंची टोके त्वचेच्या वरच्या थरातून चक्क मागे हटतात आणि संपर्क थांबल्यावर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत पुन्हा वाढतात. वैद्यकाने याचा उपयोगही करून घेतला आहे : नागिणीनंतर रेंगाळणाऱ्या वेदनेसाठी कॅप्सेसिनचे ८ टक्के प्रमाण असलेली पट्टी २००९ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. तेव्हा वर्षानुवर्षे मिरची हाताळणाऱ्या स्त्रीला आग जाणवत नसेल तर त्यात नवल काही नाही. प्रश्न होता तो फोडाचा. या एका कारणाने सगळा हात झाकता येतो का?

येथे एक गोष्ट फार उपयोगी पडते : बधिरता किती आहे यापेक्षा ती कोठे आहे, हे बहुधा अधिक सांगून जाते. मिरचीमुळे आलेली असंवेदनशीलता जेथे मिरची लागते तेथे असणार, म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांशी, विशेषतः अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांच्या, कारण देठ याच तीन बोटांनी खुडला जातो. शिवाय ती उष्णतेच्या वेदनेपुरती असणार. कॅप्सेसिनचे ग्राही स्पर्शाच्या जाड तंतूंवर जवळजवळ नसतात. तळहाताच्या बाजूला असलेले सुमारे १७,००० स्पर्शसंवेदी तंतू आणि त्यांना जोडलेले माइस्नर, मर्केल, पचिनी व रुफिनी यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्राही मिरचीच्या कामाने बिघडत नाहीत. आणि घाम कमी होण्याचेही काही कारण नाही.

थोरलीच्या डोळ्यांवर पदर घेऊन तपासणी केली. एका परीक्षानळीत सोसवेल इतके गरम पाणी, दुसरीत माठातले गार. डाव्या हातावर तिने प्रत्येक वेळी बरोबर उत्तर दिले, फक्त पहिल्या तीन बोटांच्या टोकांवर थोडा विचार करून. उजव्या हाताच्या त्याच तीन बोटांवरही तसेच. परंतु उजव्या करंगळीवर, अनामिकेच्या करंगळीकडील अर्ध्या भागावर आणि तेथून मनगटापर्यंतच्या तळहाताच्या कडेवर तिला गरम आणि गार यांतला फरकच कळेना. एकच बोट मधोमध दुभागलेले, एका बाजूस संवेदना आहे आणि दुसऱ्या बाजूस नाही, अशी सीमारेषा मिरची आखू शकत नाही; ती कोपरामागून करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर या चेतेच्या हद्दीची रेषा आहे. नायलॉनच्या ठरावीक दाबाच्या तंतूंनी स्पर्श तपासला तेव्हा ०.२ ग्रॅमचा तंतू तिला तळहाताच्या कडेवर जाणवला नाही, २ ग्रॅमचा जाणवला, आणि करंगळीच्या टोकावर तोही जाणवला नाही. म्हणजे स्पर्शही गेलेला होता. कामाच्या तेलकट धुळीने आणि घामाने बाकीचा तळहात ओलसर असताना हाच पट्टा कोरडा आणि भेगाळलेला होता. अनामिका आणि करंगळी यांच्यामध्ये कागद धरायला सांगितला तर तो अलगद ओढून घेता येत होता.

चेतेची हद्द कळली तरी चेता कशाने बिघडली हे कळायचे राहते. मधुमेह सहसा पायांपासून सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो. तिची रक्तशर्करा सामान्य होती आणि तळपायांना सगळे कळत होते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत कंपनाची आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव आधी बिघडते. ती शाबूत होती. मानेच्या मणक्यात शीर दबली असती तर बधिरता मनगटाशी न थांबता पुढच्या हाताच्या आतल्या बाजूने वर गेली असती. कोपर टेकून किंवा गुडघ्यावर रोवून तासन्‌तास बसण्याने अल्नर चेता दबू शकते, आणि पथारीवर बसण्याची पद्धत पाहता ही शंका अगदीच सोडून देण्यासारखी नव्हती. निर्णय झाला तो कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागील खोबणीत बोटे फिरवल्यावर. डाव्या बाजूची चेता बारीक आणि मऊ होती. उजवी दोरीसारखी जाड आणि दाबल्यावर दुखणारी. त्यानंतर बाही वर करून पाहिली असता दंडाच्या मागच्या बाजूस एक फिकट चट्टा आढळला, ज्यावर ना घाम होता ना लव, आणि ज्याला टाचणीचे टोक लागलेले कळत नव्हते. तो उन्हाचा डाग आहे असे ती समजत होती. निदान कुष्ठरोगाचे होते.

गेऱ्हार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला हा जंतू शरीराचे थंड भाग पसंत करतो आणि चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींमध्ये राहतो. अल्नर चेता कोपराशी त्वचेच्या अगदी जवळून जाते, म्हणून ती सर्वाधिक वेळा सापडते. त्वचेतील बारीक तंतू आधी निकामी होत असल्याने सुरुवातीला उष्ण-थंडाची जाणीव जाते, पाठोपाठ वेदनेची व स्पर्शाची. जंतू शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे आणि कधी वीसही वर्षे जातात. हा सगळा काळ माणसाला काहीही दुखत नाही, आणि ही या रोगाची सर्वांत वाईट बाजू आहे. पॉल ब्रँड यांनी १९४६ पासून वेल्लूर येथे काम करताना दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे जंतू खात नाहीत. वेदनेची सूचना न मिळाल्याने ती भाजत, कापली जात, त्याच जखमेवर पुन्हा काम करत झिजतात. थोरलीच्या हातावरील फोड हा त्या प्रक्रियेचा अगदी पहिला टप्पा होता. तिच्या बाबतीत तो आणखी काही काळ लपून राहिला असता, कारण पथारीवर आग न होणे ही कौतुकाची गोष्ट समजली जाते. धाकटीला त्रास झाला नसता तर थोरली दवाखान्यात आलीच नसती.

उपचार आणि पुढील तपासण्या

बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रातून विनामूल्य सुरू झाला. चट्टा एकच आणि बाधित चेताही एकच असल्याने मुदत सहा महिन्यांची ठरली. बोटांतील अशक्तपणा अलीकडचा होता, म्हणून चेतेचा दाह कमी करण्यासाठी प्रेडनिसोलोन उतरत्या मात्रेत दिले. उपचार सुरू होताच संसर्ग पसरवण्याची शक्यता फार थोड्या काळात संपते आणि हा रोग मिरचीतून किंवा हाताळलेल्या मालातून पसरत नाही, हे घरच्यांना समजावून सांगावे लागले. तिचा रोज बुडू नये म्हणून ते आवश्यकही होते. मुकादमाला काय सांगायचे, हे मात्र तिच्यावर सोपवले. तिने काही सांगितले नाही, आणि ते योग्यच होते.

गेलेली संवेदना औषधाने लगेच परत येत नाही, त्यामुळे तिच्या जागी दुसरी योजना करावी लागते. भाकरी हाताने न उलटता उलथण्याने किंवा चिमट्याने उलटायची, आंघोळीच्या पाण्याचा अंदाज डाव्या हाताने घ्यायचा, तव्याची व पातेल्याची बाजू बदलून डाव्या हाताकडे घ्यायची, आणि रोज रात्री उजव्या हाताची कड दिव्याखाली पाहून फोड, चीर, काटा काही आहे का ते तपासायचे. त्वचेने करायचे काम डोळ्यांनी करायचे, असा हा प्रकार आहे. सुरुवातीला तिला तो फार वेळखाऊ वाटला. दुसऱ्याच आठवड्यात करंगळीत घुसलेली बाभळीची बारीक काडी तिला अशीच सापडली. त्यानंतर कुरकुर थांबली. कोरड्या पट्ट्यासाठी हात पाण्यात भिजवून वर तेल लावायला सांगितले.

धाकटीला हातमोजे सुचवले होते. सुती मोजे चालत नाहीत, ते कॅप्सेसिन शोषून घेतात आणि दिवसभर हाताला चिकटवून ठेवतात. नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे चालतात, पण उन्हात घामाने निसटतात आणि देठ धरणे अवघड करतात. मजुरी मालाच्या वजनावर मिळत असेल तर हळू चालणारे बोट परवडत नाही. तिने मोजे सोडले, कामाला बसण्यापूर्वी हातांना तेल चोळायचे आणि उठताना कोरड्या राखेने व साबणाने हात धुऊन मगच पाणी लावायचे, ही तेथील जुन्या बायकांची पद्धत उचलली. राखेने घासल्याने तेलकट थर निघतो, त्यामुळे ती पद्धत शास्त्राशी जुळणारी आहे, मात्र चिरा पडलेल्या हातांना ती वापरू नये.

एकाच घरात राहत असल्याने धाकटीचीही सहवासातील व्यक्ती म्हणून तपासणी करायची होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये शिफारस केल्याप्रमाणे अशा व्यक्तींना रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाची एकच प्रतिबंधक मात्रा दिली जाते. ती घरातील सर्व पात्र सदस्यांना दिली. हंगामाच्या मध्यावर झालेल्या या तपासणीत धाकटीच्या उत्तरांनी काही क्षण काळजी वाटली, कारण आता तिलाही गरम नळी बोटांच्या टोकांवर पूर्वीसारखी चटकन कळत नव्हती. नकाशा काढल्यावर चित्र निराळे दिसले : दोन्ही हात सारखे, अंगठा-तर्जनी-मध्यमेची टोके तेवढी, स्पर्श ०.२ ग्रॅमला अचूक, घाम भरपूर, कोपरातील चेता दोन्ही बाजूंना बारीक, अंगावर एकही चट्टा नाही. तिला औषध न देता पथारी उठल्यावर पुन्हा बोलावले.

पावसाळ्याच्या तोंडाशी दोघी आल्या. धाकटीच्या बोटांची उष्णतेची जाण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पूर्ववत झाली होती, आणि मिरचीचे काम थांबून तोवर काही महिने झाले होते. थोरलीला तळहाताच्या कडेवर ०.२ ग्रॅमचा तंतू आता काही ठिकाणी जाणवू लागला होता, कागद अधिक घट्ट धरता येत होता. करंगळीच्या टोकावर २ ग्रॅमचा तंतू मात्र अजूनही कळत नव्हता, आणि गरम-गाराचा फरक त्या बोटावर तिने दहापैकी पाच वेळा बरोबर सांगितला, जे अंदाजाने सांगितल्यासारखेच आहे.